भांगेची गोळी चढायला वेळ का लागतो

बरेच जण म्हणतात, 'भांग आणि गांजा कायद्याला सारखेच.' तसं नाही हो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, आणि भांग पानांचीच. (राज्याचे अबकारी नियम वेगळे, तेव्हा पिशवी भरून फिरू नका.) गांजाचं मात्र २० किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण' होतं, आणि तिथं शिक्षा कमीत कमी १० वर्षं.

पण 'पानंच तर आहेत, काय होतंय' हे मला पटत नाही. शहापुरात रंगपंचमीला मावसभावानं थंडाईतून भांगेची एक गोळी घेतली. पाऊण तास काहीच नाही. "गंडवलं रे आपल्याला," म्हणत दुसरी घेतली. दोन तासांनी कट्ट्यावर माझं मनगट घट्ट धरून विचारत होता, "धडधड थांबंना रे, काळीज बंद पडंल काय?" मावशीनं चार लिंबं पिळली, उपयोग शून्य.

टीएचसी म्हणजे या झाडातला नशा आणणारा घटक. धुरातलं टीएचसी फुफ्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतं. खाल्लेलं आधी यकृतात जातं आणि तिथं त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं. म्हणून उशीर, आणि म्हणून चढली की तासन्‌तास उतरत नाही. नाडीही वाढते, हृदयविकारवाल्यांनी लांबच राहावं.

गंमत म्हणजे मेंदू स्वतःच टीएचसीसारखा एक पदार्थ बनवतो. १९९२ मध्ये तो सापडला, तेव्हा संशोधकांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून त्याला आनंदामाइड नाव दिलं. मावसभावाला सांगितलं तर म्हणाला, "मग मला का रडवलं?"