जुना फ्रीव्हील घेताना काय बघायचं? आणि खोलायचा कसा?

सायकलवेडा: एक जुना पाच दातेचक्रांचा रेजिना कंपनीचा फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा, पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा दातेचक्रांचा संच) मिळतोय, विकणारा म्हणतो वापरलेलाच नाही पण हाताने फिरवला तर टिकटिक आवाजच येत नाही, घेऊ का? आणि माझ्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसेल का ते कसं कळणार?

जुनीचाकं: आवाज नाही म्हणजे बहुतेक आतलं ग्रीस सुकून घट्ट झालंय आणि पॉल (टिकटिक करणारे छोटे खटके) चिकटलेत, एवढ्यावरून सोडू नका. पण आटे आधी बघा!! इंग्लिश १.३७ इंच २४ टीपीआय (इंचाला २४ आटे), फ्रेंच ३४.७ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. फरक डोळ्याला दिसत नाही, जबरदस्तीने फिरवलात तर हबचे आटे कायमचे गेले. पिच गेज लावूनच ठरवा. दात शार्कच्या पंखासारखे टोकदार झाले असतील तर मात्र नको.

तेलकटहात: खोलताना पुढची दोन भोकांची रिंग उलट्या आट्याची असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सुटते, हे माहीत नसल्याने मी एक रिंग कायमची खराब केलीये, अजून वाईट वाटतं. खाली कापड अंथरा, बारीक छर्रे भसाभस सांडतात, आणि पातळ शिम (चकत्या) हरवू नका, फ्रीव्हील किती ढिला-घट्ट फिरेल ते त्यावरच ठरतं. पॉलवर जाड ग्रीस नको, तेलच.

सायकलवेडा: शिमचं माहीतच नव्हतं, आभार! आधी रॉकेलमध्ये भिजवून बघतो.

तेलकटहात: बघाच. आणि हबवरून काढताना रिमूव्हर (फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारं हत्यार) अ‍ॅक्सलच्या नटने दाबून धरा, नाहीतर खाचा तुटतात, पहिला झटका सुटला की नट लगेच ढिला करा.