रॉस बार्न्स: ०.४२९ वरून ०.२७२, नियम बदलल्यामुळे की तापामुळे?

माटुंगा_रोड
अंडरआर्म खेळणाऱ्या मुलांना रविवारी आझाद मैदानावर जुन्या काळचा बेसबॉल दाखवायचाय. रॉस बार्न्सचा ‘फेअर-फाउल’ फटका नेमका कसा बसायचा? १८७६ मध्ये शिकागोकडून ०.४२९ ची सरासरी असलेला माणूस पुढच्याच वर्षी ०.२७२ वर कसा आला? शिवाय काही ठिकाणी १८७६ ची सरासरी ०.४०४ दिसते, ती कुठून आली?

स्कोअरबुक
आकड्याचं सोपं आहे. हिट (फटका मारून बेस गाठणं) १३८, ॲट-बॅट (सरासरीसाठी मोजलेल्या फलंदाजीच्या पाळ्या) ३२२, भागाकार केला की ०.४२९. त्या हंगामात वॉकसुद्धा, म्हणजे पिचरच्या खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, ॲट-बॅटमध्ये धरत. त्याचे २० वॉक मिळवले की भागायचं ३४२ ने, आणि येतात ०.४०४. आजच्या पद्धतीने पहिला आकडा घ्यावा.
मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: ६६ सामन्यांत १२६ धावा. नॅशनल लीगमधला पहिला होमरनही (एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून काढलेली धाव) त्याचाच, २ मे १८७६. त्याआधी १८७१ ते ७५ तो बॉस्टनला दुसऱ्या बेसवर होता, आणि शेवटची चारही वर्षं विजेतेपद बॉस्टनकडेच. शेजारी शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षकाची जागा) जॉर्ज राइट, एका व्यावसायिक क्रिकेटपटूचा मुलगा.

ओव्हल_पूर्व
फटक्याबद्दल. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे दोन रेषा जातात. तेव्हा चेंडूचा पहिला टप्पा या रेषांच्या आत पडला की चेंडू फेअर (वैध), मग तो बाहेर कुठेही पळो. बार्न्स उजव्या हाताचा. चेंडू होम प्लेटच्या पुढे घ्यायचा, त्याच्या वरच्या अंगावर बॅट खाली आपटायची आणि तो तिसऱ्या बेसच्या बाजूला रेषेबाहेर काढायचा. प्लेटच्या सरळ दोन फूट पुढे घेतला, तरी तिथून डावी रेषा जेमतेम दीड फुटावर असते, तेवढ्यात टप्पा पडायला हवा. म्हणून बॅट आडवी फिरवून चालत नाही, वरून खालीच यावी लागते. उशिरा घेतला की टप्पाच बाहेर पडतो. तो फाउल, आणि त्या काळी फाउल चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद!
बसला तर मात्र तिसऱ्या बेसवाल्याला रेषेबाहेर धावावं लागे. तो आधीच रेषेला चिकटून उभा राहिला, तर त्याच्या आणि शॉर्टस्टॉपच्या मध्ये खिंडार. बार्न्स जोरात मारत असे, त्यामुळे याला बंटसारखा हलका टोला समजू नका.
मांडणी: पिचर प्लेटपासून ४५ फुटांवर, म्हणजे आपल्या ६६ फुटी पिचच्या दोन तृतीयांशाहून थोडं जास्त. हात कमरेखालून. बेस ९० फुटांवर. टेनिस बॉल नको, फार उसळतो आणि एका टप्प्यावर सहज हातात येतो. सीझन बॉल बेसबॉलपेक्षा साधारण १० ते १५ ग्रॅम जड, तोही नको. बॅट गोलच घ्या, सपाट पात्याने वेगळाच फटका निघतो.

स्कोअरबुक
आता घसरणीचं. १८७७ साली फेअर-फाउल बंद झाला आणि सगळा दोष नियमावर ढकलला गेला. ते मला पटत नाही. त्या वर्षी त्याला हिवताप होता आणि तो फक्त २२ सामने खेळला: ९२ ॲट-बॅट, २५ हिट. आजारपणात कापलेल्या पगारासाठी त्याने क्लबवर दावा लावला आणि तो हरला. पुढे १८७९ ला सिनसिनाटीकडून ०.२६६, १८८१ ला बॉस्टनकडून ०.२७१. नियमाने त्याचे काही हिट नक्की गेले, पण तिशीच्या आत माणूस इतका थकतो, त्याचं मोठं कारण मी तापच धरेन.

माटुंगा_रोड
हे फार उपयोगाचं आहे. मग तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, का नाही?

स्कोअरबुक
दहा हंगामांची अट आहे. त्याचे नऊच भरतात.

ओव्हल_पूर्व
अजून एक. फक्कीने रेषा ठळक मारा आणि पहिल्या वीस फुटांत जरा जाडच ठेवा. एक अंपायर डाव्या रेषेच्या सरळ मागे, प्लेटपासून पाचेक पावलं दूर उभा करा. त्याने फक्त पहिला टप्पा बघायचा. चेंडूमागे नजर गेली की टप्पा कुठे पडला ते सांगता येत नाही.