जोगचा धबधबा: पुण्याहून आईबाबांना घेऊन कधी आणि कसं जावं?

ओवी_कोथरूड
नमस्कार मंडळी. बाबांच्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात गिरसप्पाच्या, म्हणजे कर्नाटकातल्या जोगच्याच, धबधब्याचं चित्र होतं. तेव्हापासून त्यांना तो बघायचाय आणि या वर्षी काहीही करून न्यायचंच असं आम्ही ठरवलंय. बाबा चौऱ्याहत्तरचे, गुडघे कुरकुरतात. आई ठणठणीत आहे. लेक आठवीत, त्याला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागतं. ऑफिसमधले एक जण मे महिन्यात जाऊन आले तर त्यांना काळा कडा आणि सुतळीएवढी धार दिसली म्हणे. इतक्या लांब नेऊन बाबांचा हिरमोड व्हायला नको. पाणी हमखास कधी असतं? गाडीने जावं की रेल्वेने?

मुठेकाठी
ओवीताई, जोगला जायचं तर नुसता पाऊस बघून भागत नाही, धरण बघावं लागतं. धबधब्याच्या वर थोड्याच अंतरावर शरावती नदीवर लिंगनमक्की धरण आहे, 1964 सालचं. विजेसाठीचं पाणी तिथून कालव्याने तळकळले जलाशयात जातं आणि मग थेट खालच्या वीजगृहात. त्या वीजगृहाची क्षमता 1035 मेगावॉट. म्हणजे हे पाणी जोगच्या कड्यावरून पडतच नाही, बगल देऊन पुढे जातं. त्यामुळे उन्हाळ्यात धरणात पाणी असलं तरी कडा कोरडा दिसू शकतो.

आपल्याकडे मुठेचं जसं आहे तसंच. पुण्यात रिपरिप असली तरी खडकवासल्यातून विसर्ग सुटल्याशिवाय भिडे पूल पाण्याखाली जात नाही. जोगला जून-जुलैमध्ये धरणाच्या खालच्या रानातलं पावसाचं पाणी आणि ओढे येतात, त्यावर धबधबा छान दिसतो. पण खरा लोंढा येतो तो लिंगनमक्की भरत आल्यावर. पूर्ण पातळी 1819 फूट. ती जवळ आली की दरवाजे उघडतात, आणि ते बहुधा ऑगस्टमध्ये किंवा त्यानंतर, तेही पाऊस चांगला झाला तरच. धरणाची पातळी बातम्यांत येत असते. निघायच्या आधीच्या आठवड्यात ती बघा आणि मग तारीख पक्की करा.

खडक_आणि_पाणी
मुठेकाठी यांना +१. फक्त एक भर. दरवाजे पूर्ण उघडले की चारही धारा मिसळून गढूळ पाण्याची एकच भिंत होते. तो प्रकार भव्य असतो, पण लेकाला जोग समजावून द्यायचा असेल तर पाणी थोडं ओसरलेलं बरं. मग राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी वेगवेगळे ओळखू येतात. राजा कड्यावरून सुटतो तो सरळ खाली, 253 मीटर. रोअरर एका घळीतून धडधडत येऊन मध्येच राजाला मिळतो. रॉकेट पुढे आलेल्या खडकावर आपटतो आणि तिथून त्याचे फवारे बाहेर उडतात. राणी मात्र उडी मारत नाही, कातळाला धरून फेसाळत घसरते. एकच नदी, एकच कडा, पण खडकाच्या ठेवणीमुळे चार तऱ्हा. एका धारेवर नजर ठेवून पाण्याचा एखादा झोत वरून तळापर्यंत डोळ्यांनी सोडत न्यायला सांगा त्याला. किती वेळ लागतो ते बघून उंची कळते, आकडा ऐकून कळत नाही.

ठोसेघर बघितलं असेल तर लेकाला विचारा, दोन्हीकडच्या खडकात काय फरक आहे? ठोसेघरचा आपला बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर. जोगच्या भागातला खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. सह्याद्री तोच, पण हाड वेगळं. आणि 'भारतातला सर्वांत उंच' असं कुणी सांगितलं तर तेवढं दुरुस्त करा. मेघालयातला नोहकालीकाई 340 मीटरचा आहे.

घाटवाट_७२
गाडीने जात असाल तर एका दिवसात ओढाताण करू नका, आईबाबा बरोबर आहेत. सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत हुबळी किंवा धारवाडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी शिरसी, सिद्दापूर, जोग. शिरसीनंतर सुपारीच्या बागा आणि वळणाचा रस्ता, अंधारात तो चालवू नये. रेल्वे हवी असेल तर हुबळीपर्यंत जा आणि पुढे गाडी ठरवा, बाबांच्या गुडघ्यांना तेच सोपं पडेल. धबधब्याच्या तळाकडे जाणाऱ्या पायऱ्या हजाराच्या वर आहेत, तो विषयच काढू नका. शिवमोग्गा बाजूच्या मुख्य कठड्यावरून समोरासमोर दिसतं. पलीकडच्या, उत्तर कन्नडच्या काठावर जुना 'मुंबई बंगला' आहे. 1956 पर्यंत तो काठ मुंबई राज्यात होता आणि हा म्हैसूरमध्ये.

ओवी_कोथरूड
किती छान माहिती! मग गणपती झाल्यावर जावं असं वाटतंय. तोवर धरणही भरलेलं असेल आणि झोडपणारा पाऊस कमी होईल. बाबांना इतिहासाचं वेड आहे. जवळ आणखी काही आहे का?

इक्केरीची_वाट
गणपतीनंतरचं बरोबर आहे. बाबांना केळदीला न्याच. जोगपासून सागर तासाभरावर आणि केळदी सागरच्या अगदी जवळ. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा औरंगजेबाची फौज मागावर होती. केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आसरा दिला आणि त्यापायी मोगलांशी लढाई ओढवून घेतली. राजधानी तोवर बिदनूरला गेली होती, पण घराण्याचं मूळ हे. आपल्याकडची माणसं जोग बघून तशीच परत फिरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. रामेश्वराचं देऊळ आणि शेजारचं संग्रहालय बघा, मग इक्केरीचं अघोरेश्वर. शिरसीकडे तोडदेवू मिळालं तर घ्या. उसाच्या रसातलं, कागदासारखं पातळ असतं, आईंना आवडेल.

मुठेकाठी
आणि धुकं. कठड्यावर पोचलात आणि समोर नुसतं पांढरं दिसलं तर लगेच गाडीकडे वळू नका. वारा फिरला की दरी मोकळी होते, पुन्हा भरते. अर्धा दिवस हातात ठेवा आणि मुक्काम जोगलाच किंवा सागरला करा, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही मिळतात. वाऱ्यात छत्री उलटते, रेनकोटच न्या. गवतात शिरलात तर जळवा चढतात, मिठाची पुडी खिशात असू द्या. बाबांसाठी घडीची खुर्ची घ्या.

ओवी_कोथरूड
खुर्ची घेते. हुबळीपर्यंत रेल्वे ठरली, तिकिटं उद्याच काढते. हुबळीहून दोन दिवसांसाठी गाडी कुणी ठरवली असेल तर साधारण भाडं किती पडतं ते कळवा.