मदत हवी आहे : 'घरी कोणी मारतं का?' हे ओपीडीत कुणाला आणि कसं विचारायचं?

नमस्कार. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. इथे कोण बाई कुठल्या स्टॉपवर उतरली हे एसटीच्या कंडक्टरलाही पाठ असतं.

मागच्या आठवड्यात गरोदर बायकांच्या तपासणीला एक मुलगी आली, सातवा महिना. बीपीसाठी बाही वर केली तर कोपराखाली बाहेरच्या बाजूला चार बोटं रुंद वळ. शेजारी एक जुना, हिरवट-पिवळा पडलेला. मनगटावर काकणाची काच रुतल्याची खूण. विचारलं तिला, उत्तर दिलं सासूने, "न्हाणयेत पडला ता."

पावसात न्हाणीत शेवाळ धरतं हे खरं, मी स्वतः दोनदा आपटलेय. पण घसरून पडलेल्या माणसाला तळव्याला लागतं, नाहीतर कमरेला. हाताच्या बाहेरून मार बसतो तो तोंडावर येणारं काही अडवताना. हे सगळं कळत असून मी पट्टा गुंडाळला, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला.

आमचे डॉक्टर म्हणतात, सगळ्यांनाच विचारू, छापील प्रश्न करून टाकू. मला धास्ती वाटते. खोली एक, मध्ये पडदा, आणि पडद्यापलीकडे तिचीच शेजारीण बसलेली. शिवाय लिहायचं कुठे? केसपेपर घरी जातो. नवरा बोटीवरून आला की तोच वाचणार. आणि ती "हो" म्हणाली तर मी पुढे काय करायचं? कोणी हे काम केलं असेल तर सांगा.

पागोळी : ताई, तुमची धास्ती बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांतही येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट विचारा असं नाही. खुणा दिसल्या, तक्रार आणि जखम जुळेना, की विचारा. गरोदरपणाची तपासणी थोडी वेगळी, कारण बाई पुन्हा पुन्हा येते. पण तिथेही एकांत, शिकलेला माणूस आणि पुढे पाठवायची सोय असेल तरच. सासूसमोर तर अजिबात नाही. छापील फॉर्म नकोच, खाली मान घालून टिकमार्क होतात नुसते.

सुरंगी : मी मुंबईत रुग्णालयात समाजसेविका होते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र आहे, महापालिका आणि 'सेहत' संस्थेने सुरू केलेलं, त्यांची पद्धत बघा. विचारताना आधी "बऱ्याच बायकांना घरी त्रास होतो, म्हणून विचारते" एवढं म्हणावं, मग थेट प्रश्न. "का सहन करतेस?" चुकूनही नको.

केसपेपरवर फक्त उपचार. वळ किती लांब, कुठे, कुठल्या रंगाचा आणि ती काय म्हणाली, हे दवाखान्यात राहणाऱ्या नोंदीत. कोर्टात तेच उपयोगी पडतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तक्रार नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. नियमांनुसार घटनेचा अहवाल दवाखानाच भरून या कायद्यासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यावी लागते. मात्र तिला विचारल्याशिवाय काही पाठवू नका, घरी परत तिलाच जायचंय. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर या कायद्याखाली जबाबदारी येत नाही, हे डॉक्टरांनाही सांगा.

पागोळी : आणि एक. जीव घेण्याची धमकी, गळा दाबणं, पोटावर मारणं यातलं काही असेल तर "पुढच्या तपासणीला बघू" नाही. त्याच दिवशी बोलायचं, आज घरी जाणं सुरक्षित आहे का.

मूळ धागाकर्ती : दोघांचे आभार. काल ती पुन्हा आली. सासूबाईंना "खिडकीवर शिक्का मारून आणा" म्हणून धाडलं आणि हिला लघवीच्या नमुन्यासाठी मागच्या बाजूला नेलं. चार मिनिटं मिळाली. सुरंगीताईंचंच वाक्य वापरलं. ती डबीचं झाकण लावत राहिली, मग म्हणाली, "बाळंतपणाक माहेराक जातलंय, तेवा बघूया." गळा, पोट, दोन्ही विचारलं, नाही म्हणाली. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर चिठ्ठीवर नको म्हणाली, तोंडपाठ केला. पण मोबाईल सासूकडे असतो.

तर आता एवढंच विचारते : माहेर दुसऱ्या तालुक्यात आहे. तिथल्या आशाताईला तिच्या परवानगीने आधीच सांगून ठेवू का? की त्या गावातही बातमी फुटेल?