विरघळणारा स्क्रू आणि आम्ल

हाडाच्या ऑपरेशनात धातूऐवजी शरीरात 'विरघळणारा स्क्रू बसवला की विषय संपला' असं म्हटलं जातं. स्क्रू नंतर काढायचं ऑपरेशन वाचतं हे कबूल, पण विषय तिथेच संपत नाही. असा स्क्रू बऱ्याचदा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा (पॉलिमरचा) असतो; तो शरीरातल्या पाण्याने तुटत जातो आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. स्क्रू जाड असला तर आतलं आम्ल बाहेर पडायला उशीर होतो, त्यामुळे स्क्रू आतूनच लवकर पोखरला जातो. मग साठलेलं आम्ल एकदम सुटलं की भोवतालच्या हाडाला सूज येऊ शकते. म्हणूनच हल्ली त्यात हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (हाडातल्यासारखे कॅल्शियमचे क्षार) मिसळतात. आम्लाचा जोर मोडतो, शिवाय नवं हाड धरायला आधार मिळतो. खरी सुधारणा मला हीच वाटते.

खानापूरकडच्या माझ्या मावसभावाचा गुडघ्याचा लिगामेंट आखाड्यात तुटला, बेळगावात ऑपरेशन करून असाच स्क्रू बसवला. एक्स-रे बघून मामा तापले, "स्क्रू हाय कुठं ह्यात? पैसे तर घेतले की!" नुसता पॉलिमर एक्स-रेत दिसतच नाही, हाडातलं भोक तेवढं दिसतं. एमआरआयमध्ये मात्र धातूसारखी चित्राची नासाडी होत नाही. स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर फाईलला लावून घ्या, पुढच्या डॉक्टरला आत काय आहे ते कळतं.