कोरस पेडलमधून फ्लँजर काढता येईल का? सुटे भाग नाशिकमध्ये मिळतील का?

सिडकोतला_गिटारवाला
नमस्कार मंडळी. किट आणून घरीच जोडलेलं गिटारचं कोरस पेडल (एका गिटारीचा आवाज अनेक गिटारींसारखा भरीव करणारं) माझ्याकडे आहे. आत एमएन३२०७ (आवाज उशिरा पुढे देणारी आयसी) आणि एमएन३१०२ (तिला क्लॉकचे ठोके देणारी), बाहेर रेट (फिरण्याचा वेग) आणि डेप्थ (फिरण्याची खोली) हे दोनच नॉब. बँडच्या दोन गाण्यांना फ्लँजर हवाय, डोक्यावरून जेट गेल्यासारखा तो घसरत जाणारा आवाज. सोल्डरिंग येतं, सर्किट डायग्रामही बऱ्यापैकी वाचता येतो. आताचा कोरस मात्र जाता कामा नये. कुणी केलंय का? आणि भागांसाठी मुंबई गाठावी लागेल का?

मेनरोड_बास
सेकंडहँड फ्लँजर घेऊन मोकळे व्हा. कार्यक्रम तोंडावर असेल तर चालू पेडल उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातपूर_सोल्डर
कार्यक्रमाला वेळ असेल तर जरूर करा. दोन्ही पेडलांचं आतलं यंत्र एकच असतं. बॉसच्या १९८० च्या बीएफ-२ फ्लँजरमध्ये हीच एमएन३२०७ होती. फरक दोन ठिकाणी पडतो: डिले (आवाज किती उशिरा येतो) किती आणि फीडबॅक (तो उशिरा आलेला आवाज पुन्हा आत सोडणं) आहे की नाही.

एमएन३२०७ मध्ये १०२४ टप्पे आहेत, क्लॉकच्या ठोक्यागणिक आवाज एकेक टप्पा पुढे सरकतो. ५१२ ला क्लॉकच्या किलोहर्ट्झने भागलं की मिलिसेकंदांत डिले मिळतो. क्लॉक ५० किलोहर्ट्झ असेल तर सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे कोरस. २०० ला अडीच मिलिसेकंद, म्हणजे फ्लँजर. मूळ आणि उशिरा आलेला सिग्नल मिसळला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. १० मिलिसेकंदांना हे खड्डे ५०, १५०, २५० हर्ट्झ असे दाटीवाटीने पडतात, कानाला वेगळे कळत नाहीत. अडीचला ते २००, ६००, १००० वर येतात, आणि सरकायला लागले की तुम्हाला हवी असलेली ती घसरण ऐकू येते.

आता हात कुठे घालायचा. एमएन३१०२ च्या ५, ६, ७ या पायांच्या आसपास पीएफमधला (पिकोफॅरडमधला) एक छोटा कपॅसिटर सापडेल, क्लॉकचा वेग तोच ठरवतो. तो निम्मा केला की वेग साधारण दुप्पट होतो. बोर्डवर लहान कपॅसिटर कायमचा बसवा, आणि कोरससाठी लागणारा उरलेला कपॅसिटर स्विचने त्याला समांतर जोडा. स्विचच्या वायरी होतील तितक्या आखूड ठेवा आणि ऑडिओच्या वायरींपासून लांब न्या. त्यांतून क्लॉक धावतो, जवळ आल्या तर बारीक शिट्टी ऐकू येते. शिवाय इतक्या लहान कपॅसिटरवर वायरीची स्वतःची कपॅसिटन्ससुद्धा हिशेबात येते, त्यामुळे मल्टिमीटरला फ्रिक्वेन्सी मोजायची सोय असेल तर २ नंबरच्या पायावर प्रत्यक्ष मोजा.

दुसरं काम फीडबॅकचं, आणि खरी मजा इथेच आहे. बीबीडी (म्हणजे ती डिलेची आयसी, एमएन३२०७) नंतरच्या लो-पास फिल्टरमधून सिग्नल घ्या, कपॅसिटर, ४७ केचा रेझिस्टर आणि १०० केचा पॉट यांतून तो बीबीडीच्या आधीच्या ऑपअँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीच्या) इन्व्हर्टिंग इनपुटला परत द्या. मूळ सिग्नलचा फाटा जिथून निघतो, त्याच्या पुढचाच टप्पा निवडा. फिक्स रेझिस्टर गाळू नका. तो नसेल तर पॉट पूर्ण फिरवल्यावर पेडल स्वतःच ओरडायला लागतं. ४७ के कमी वाटला तर जरा उतरवा, शिट्टी सुरू होण्याच्या अलीकडे थांबा.

सिडकोतला_गिटारवाला
दादा, मनापासून आभार. क्लॉक २०० किलोहर्ट्झच्या वर नेता येईल का? आणि रेट पूर्ण कमी केला तरी माझं पेडल बरंच वेगात फिरतं.

सातपूर_सोल्डर
एमएन३२०७ च्या डेटाशीटमध्ये २०० किलोहर्ट्झ हीच हद्द दिली आहे. त्याच्या वर एमएन३१०२ ला बीबीडीचे क्लॉक पाय ओढताना दम लागतो, चौकोनी लाटेच्या कडा गोल होतात. लोक मध्ये सीडी४०४९ ही इन्व्हर्टरची आयसी घालतात, त्यातले तीन-तीन इन्व्हर्टर समांतर जोडून एकेका क्लॉकला बफर देतात. तुमच्या दोन गाण्यांसाठी एवढं लागणार नाही. वेगासाठी एलएफओचा (क्लॉक संथपणे वर-खाली हलवणाऱ्या ऑसिलेटरचा) टायमिंग कपॅसिटर दुप्पट करा, फिरणं निम्म्यावर येईल. फ्लँजर संथच शोभतो.

गंगापूररोड_कीज
एक भर घालतो. फीडबॅकची दिशा उलटी करून पाहा. एका दिशेला धातूसारखा झणझणीत आवाज येतो, दुसऱ्या दिशेला पोकळ, नळीतून आल्यासारखा. मला दुसरा फार आवडतो, क्लीन गिटारवर तर अप्रतिम. ऑपअँपचा एक टप्पा वाढवून दोन्ही स्विचवर घेता येतात, पण डब्यात जागा आहे का ते आधी बघा.

सुट्या भागांबद्दल: यादीत नवीन आयसी एकही नाही, त्यामुळे मुंबईची गरज दिसत नाही. रेझिस्टर, पॉट, स्विच, सिरॅमिक कपॅसिटर टीव्ही दुरुस्तीचे भाग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळावेत. एमएन३२०७ बिघडलीच तर मात्र पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि चालत लॅमिंग्टन रोड. जुन्या आयसीवर नवे आकडे छापून विकणारेही असतात, म्हणून त्यापेक्षा कूलऑडिओची व्ही३२०७ किंवा बेलिंगची बीएल३२०७ मागा. त्या आजच्या काळातल्या आहेत आणि त्याच जागी बसतात.

सातपूर_सोल्डर
आयसी सॉकेटवर नसेल तर हीच वेळ आहे सॉकेट घालायची. आणि सगळं झाल्यावर बायसचा (एमएन३२०७ च्या इनपुटला लागणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा) ट्रिमपॉट पुन्हा लावा. क्लॉक वाढला की जुनी सेटिंग जुळेलच असं नाही. जोरात स्ट्रम करा, आवाज सगळ्यात कमी फाटेल तिथे ट्रिमपॉट सोडा, आणि हे कोरस व फ्लँजर दोन्ही स्थितींत तपासा.