युद्धपटातल्या बायका नुसत्या वाट बघत नव्हत्या
असं म्हणतात की दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या युद्धपटांत बायकांना स्टेशनवर रुमाल हलवण्यापलीकडे कामच नसायचं. बऱ्याच सिनेमांबाबत पटतं, पण १९४३ चा ब्रिटिश 'मिलियन्स लाइक अस' बघाच. यातल्या सीलियाला हवाई दलाच्या महिला शाखेत जायचं असतं आणि तिला धाडतात विमानाच्या कारखान्यात, मशीनवर. तिथला फोरमन चार्ली आणि वरच्या वर्गातली जेनिफर यांचं जमतं, तेव्हा तो सरळ म्हणतो की युद्ध संपल्यावर लग्नाचं बघू, आत्ता सगळे एक आहोत पण नंतर काय होईल कुणास ठाऊक. प्रचारासाठी काढलेल्या सिनेमात हे बोलून दाखवलंय, मला फार मोठी गोष्ट वाटते.

अजून एक सिनेमा. त्याच वर्षीच्या 'द जंटल सेक्स' मध्ये लष्कराच्या महिला शाखेतल्या मुली विमानविरोधी तोफांच्या तुकडीत दिसतात. प्रत्यक्षात तिथे विमानाची उंची मोजणं, नेम कुठे धरायचा ते काढणं हे सगळं बायका करायच्या, पण तोफ डागायची मात्र पुरुषांनीच, बायकांना परवानगीच नव्हती. आणि सिनेमात त्यांच्याबद्दल बोलणारा निवेदकही पुरुषच, लेस्ली हॉवर्ड, ते मला खटकतंच.